नर्मदाकाठच्या माहितीपटाच्या नोंदी : ठरवल्या दोन फेऱ्या, झाल्या पाच

विस्थापित किंवा दूरच्या गावातल्या आजारपणावर फिल्म करायला निघालेल्या कुणाचे तरी पैसे आणि दिवस वाचावेत म्हणून ही वही जवळपास आहे तशी देतोय. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नंदुरबार जिल्हा, अक्राणी तालुका, सरदार सरोवराच्या पाण्याचा काठ एवढं पुरे. महाराष्ट्रातल्या बुडिताच्या 33 गावांपैकी हे एक. अर्धं गाव खाली तळोद्याकडच्या वसाहतीत गेलं, अर्धं डोंगरात वर सरकलं. आम्ही वर राहिलेल्यांकडे गेलो. आम्ही दोघंच : मी कॅमेरा आणि एडिटिंग, सहकारी साउंड. ती बाई असल्यामुळे निम्मी कामं झाली, हे पुढे दिसेलच.

18 ऑक्टोबर 2023, नाशिक

कागदावर फिल्म तयार आहे. पाण्यातून दवाखान्याची बोट येते, डॉक्टर उतरतात, कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात जातं, चौदा दिवसांनी हसत घरी येतं. वीस मिनिटं. दोन फेऱ्या, बजेट 70 हजार. शेवटचा शॉटसुद्धा लिहून ठेवलाय : आई पोराला कडेवर घेऊन चढण चढतेय, मागे पाणी. (आज वाचताना लाज वाटते, पण खोडत नाही.)

परवानगीचा अर्ज परत आला. चूक आमचीच. "आरोग्यविषयक चित्रीकरणाची परवानगी मिळावी" एवढंच लिहिलं होतं. कुठला वॉर्ड, कोणत्या तारखा, किती माणसं, लाइट लावणार का, मुलांचे चेहरे दाखवणार का, केसपेपर दिसणार का, काहीच नाही. कोणता अधिकारी यावर सही करेल? दुसरा अर्ज तीन पानी केला, त्यात "चेहरा, नाव, केसपेपर दाखवणार नाही" हे वर घेतलं. तो मंजूर झाला. यात 19 दिवस गेले. आईची संमती वेगळी घ्यायची असते, पत्र हातात आलं म्हणजे कॅमेरा काढायची मुभा मिळाली असं होत नाही.

21 नोव्हेंबर 2023, पहिली फेरी

धडगावहून जीपने काठापर्यंत, पुढे भाड्याची डिझेल बोट. पाणी काठोकाठ. बोटीतच गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंची मुलाखत घ्यायची ठरवलं होतं, पार्श्वभूमीला डोंगर सरकत राहतील म्हणून. चित्र सुंदर आलं. आवाज? इंजिनाच्या फटफटीत ताईंचा एक शब्द लागत नाही. कॉलर माइक छातीशी होता तरी. एडिटिंगमध्ये साफ करू म्हणालो. साफ होत नाही. इंजिनाचा आवाज कापायला गेलं की बाईंचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. दोन तासांचं शूट वाया.

येताना नावाड्याला इंजिन बंद करायला सांगितलं. तो दहा मिनिटांच्या वर तयार नव्हता. बोट वाहत जाऊन पाण्याखालच्या झाडांच्या शेंड्यांवर अडकते म्हणाला. ती दहा मिनिटं मात्र सोन्यासारखी निघाली. कुणी काही विचारलं नव्हतं, तोच पाण्यात बोट दाखवत म्हणाला, इथं खाली वाट होती, आम्ही चालत जायचो. बोटीत ठरवून मुलाखत करू नका. इंजिन बंद करा आणि गप्प बसा.

बोट दोन दिवसांचे 4,300, डिझेल धरून.

22 नोव्हेंबर

सगळ्यात वाईट नोंद. लिहायची नव्हती, सहकाऱ्याने लिहायला लावली.

सकाळी वरच्या पाड्यावरून एका बाईला झोळीत घालून खाली आणत होते. बांबूला गोधडी बांधलेली, पुढे एक माणूस, मागे एक, खांदे बदलायला बरोबर आणखी दोघं. मी पळत पुढे गेलो, वळणावर बसलो, लक्षात आलं की लेन्स चुकीची आहे. हात वर केला. ते थांबले. बांबू खांद्यावरून उतरवून झोळी जमिनीवर ठेवली. मी लेन्स बदलली, हात खाली केला, ते परत उचलून चालू लागले. दोन मिनिटं, फार तर अडीच. शॉट उत्तम आला.

रात्री आशाताई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दादा, तुम्ही हात केला ना, त्यांना वाटलं पुढे वाट तुटली."

एवढंच बोलल्या. तापाने फणफणलेल्या बाईला मी उन्हात जमिनीवर ठेवायला लावलं होतं. तो शॉट फिल्ममध्ये नाही, डिस्कवरही नाही. त्या दिवसापासून नियम : रुग्ण हलत असेल तेव्हा आम्ही वाटेच्या पुढे जायचं नाही, मागे राहायचं. पाठमोरं मिळेल तेवढं घ्यायचं. झोळीला चौथा माणूस कमी पडत असेल तर कॅमेरा बॅगेत आणि खांदा बांबूला.

बाई दोन दिवसांनी घरी आली, मलेरिया होता. तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तिला काही आठवत नव्हतं. ज्यांनी उचललं होतं त्यांना आठवत होतं.

24 नोव्हेंबर

बावीस महिन्यांचं पोर. आशाताईंनी दंडाला पट्टी लावली, 11.2 सेंटिमीटर, म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. (11.5 च्या खाली लाल, ते 12.5 पर्यंत पिवळा, वर हिरवा.) काट्याला लटकवलं : 6 किलो 800 ग्रॅम. आई तयार, बाप गप्प, आजी नाही म्हणत होती. आजीला पटवायला दीड दिवस गेला. त्यात आमचा काही भाग नव्हता आणि नसायला हवा. तरी कॅमेरा घेऊन उंबऱ्याशी उभे असलो की भाग होतोच. हे त्या वेळी सुचलं नाही, नंतर सुचलं. म्हणून दुसऱ्या दिवशी कॅमेरा खालच्या पाड्यावर ठेवून रिकाम्या हाताने गेलो.

संमतीचे फॉर्म मराठीत छापून नेले होते, 40 प्रती. लोक पावरी बोलतात. फॉर्म कुणी वाचला नाही, अंगठे मात्र भराभर उमटले. असल्या अंगठ्याला काय अर्थ? फॉर्म बाजूला ठेवले. बदली पद्धत अशी केली : पावरीत बोलून रेकॉर्डरवर संमती, मग त्याच दिवशी काढलेलं त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवायचं, आणि फिल्म जुळवून झाली की परत येऊन पूर्ण दाखवायची. तेव्हा नको म्हणाले तर काढायचं. ही तिसरी पायरी बजेटमध्ये नव्हती. अख्खी एक फेरी त्यासाठीच लागली.

चेहरा दाखवणार नाही म्हणून आईला सांगितलं तर ती रागावली. माझ्या पोराचं तोंड वाईट आहे का, असं विचारलं. आम्ही निरुत्तर. पाठीमागून, खांद्यावरून, हातापायांचेच शॉट घेतले ते बरोबरच, पण तिला त्यात लपवाछपवी दिसली. शेवटी पोराचा चेहऱ्यासकट एक फोटो काढून, धुऊन, फ्रेम करून दिला. तो फिल्ममध्ये नाही, त्यांच्या घरात आहे.

27 नोव्हेंबर ते 11 डिसेंबर, पोषण पुनर्वसन केंद्र

जिल्ह्यातल्या एका केंद्रात. पहिल्या दिवशीचं सगळं फुटेज बाद. ट्यूबलाइटखाली चित्रात वरून खाली काळे पट्टे सरकताहेत. कॅमेरा 30 फ्रेमवर आणि शटर 60 वर राहिलं होतं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, तेव्हा 25 फ्रेम, शटर 50. इतकी शाळकरी चूक आम्ही दहा वर्षं हे काम करून केली, कारण आदल्या आठवड्यात एक लग्न शूट केलं होतं आणि सेटिंग तसंच राहिलं. छोट्या पडद्यावर पट्टे दिसतच नाहीत. लॅपटॉपवर बघितल्याशिवाय पहिला दिवस संपवू नका.

वॉर्डात मी जवळजवळ गेलोच नाही. बायका अंगावर पाजत असतात, तिथं पुरुषाने कॅमेरा घेऊन बसायचं काम नाही. सहकाऱ्यानेच कॅमेरा धरला, तिच्या हाताला सवय नाही म्हणून शॉट थोडे हलतात. हलू देत.

भिंतीवर वेळांचा तक्ता होता, दर तीन तासांनी दूध, रात्रीचंही. सुरुवातीला एफ-75 हे कुपोषित मुलांसाठीचं हलकं दूध, भूक लागू लागली की एफ-100 हे जास्त ताकदीचं. तक्त्याचा एक शॉट घेतला, भिंतीवरचं काहीतरी असावं म्हणून. त्याचं महत्त्व दोन महिन्यांनी कळलं.

पंधरा टक्के वजन वाढलं की सुट्टी, म्हणजे या पोराला 7 किलो 800 गाठायचे होते. पहिले तीन दिवस काटा हललाच नाही, उलट 100 ग्रॅम उतरला. आम्ही हवालदिल. तिथल्या आहारतज्ज्ञ ताई म्हणाल्या, अंगावरची सूज उतरते आधी, आता खरं वजन कळेल. पंधराव्या दिवशी 7 किलो 600.

दोनशे ग्रॅम कमी. डॉक्टर आणखी चार दिवस थांबा म्हणत होते. पण गुजरातेतल्या ऊसतोडीची टोळी दिवाळीनंतर लगेच गेली होती, बाप या पोरापायी मागे राहिलेला. उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलेली, मुकादमाचा दिवसाला तीनदा फोन. आईला केंद्रात राहिल्याच्या दिवसांची बुडालेली मजुरी मिळते, पण उचलीचा आकडा त्याहून फार मोठा. तिने सही केली आणि निघाली. बस स्टँडवर आमचा तो लिहून ठेवलेला शेवटचा शॉट घ्यायला मी कॅमेरा काढला आणि परत ठेवला. चढण नव्हती, पाणी नव्हतं, ती भराभर चालत होती.

14 ते 17 जानेवारी 2024, दुसरी फेरी

घराला काटक्यांची झापडी लावलेली. आई, बाप, पोर तिघंही तोडीला गेलेले. फोन लागत नाही. विचारून निघायला हवं होतं. आशाताईंना फोन केला असता तर 9,700 रुपये वाचले असते. नोव्हेंबर ते होळी या भागात कुणाच्या मागे फिरायचं असेल तर आधी हे ठरवा की आपण गावाची फिल्म करतोय की माणसाची. माणसाची असेल तर आपल्यालाही फडावर जावं लागेल. आम्ही गेलो नाही, पैसे नव्हते. फिल्मला ते भोक आहे आणि ते तसंच ठेवलंय.

याच फेरीत दुसरा धागाही तुटला. टीबीचे एक काका, सहा महिन्यांच्या गोळ्यांपैकी चौथा महिना. नोव्हेंबरात त्यांनी मनमोकळं बोलून दिलं होतं. आता म्हणाले, मुलीची सोयरीक चाललीय, दाखवू नका. काढून टाकलं, 3 तास 20 मिनिटं. त्यांच्यासमोर डिलीट केलं. कॉपी नाशिकला डिस्कवर होती, ती घरी गेल्यावर पुसली आणि तसा फोन केला.

घरी आजी होती, चार कोंबड्या आणि एक कुत्रं. ठरलेलं काही नव्हतं म्हणून आजीशीच बोलत बसलो. कॉलर माइक लावला तर चांदीच्या साखळ्या आणि मण्यांचे सर माइकवर टिकटिक आपटताहेत. मी म्हणालो, ते जरा काढून ठेवा. आजीने माझ्याकडे असं बघितलं की मी तिथून उठून कुडाची पाहणी करायला लागलो. बाईच्या अंगावरची चांदी काढायला सांगणं म्हणजे काय, हे सहकाऱ्याने मला बाहेर नेऊन समजावलं. मग सात फुटांचा बांबू शोधला, टोकाला माइक सुतळीने बांधला, त्यावर जुना लोकरी मोजा चढवला, वाऱ्यासाठी. खर्च शून्य. पुढचं सगळं रेकॉर्डिंग याच बांबूवर झालं, महागडे कॉलर माइक डब्यात राहिले.

दुभाषाचं काम आशाताई करत होत्या. आजी पाच पाच मिनिटं बोलायची, ताई सांगायच्या, "बरं आहे म्हणते." मी पुढचा प्रश्न विचारायचो. अशी मुलाखत दीड तास.

3 फेब्रुवारी, नाशिक

ती दीड तासाची मुलाखत आणि आधीचं, सगळं मिळून 190 मिनिटांचं पावरी ध्वनिमुद्रण. शहाद्याला कॉलेजात शिकणारा एक धडगावचा मुलगा शब्दन् शब्द मराठीत उतरवून देतो, मिनिटाला 60 रुपये. 11,400 झाले. मला महाग वाटले. पहिली दहा पानं वाचली आणि गप्प झालो.

"बरं आहे म्हणते" या एका वाक्यामागे हे होतं (मुलाने दिलेलं मराठी, मी फक्त विरामचिन्हं घातलीत) : "दवाखान्यात आठ वेळा द्यायचे. रात्री उठवून द्यायचे. आमच्याकडे चूल दोनदा पेटते. सुनेला म्हटलं, आठ वेळा कुठून पेटवू. बकरी होती, तिचं दूध होतं, सून तिकडं दवाखान्यात होती तेव्हा विकली. आधी खाली काठावर जमीन होती. ओली जमीन. उन्हाळ्यातसुद्धा काहीतरी यायचं. मासे यायचे. आता वरची ही दगडाची. पोरगं तिकडं भरलं, इकडं परत उतरेल. मी तिला सांगितलं, नेऊ नको तोडीवर. तर इथं ठेवून तरी मी काय घालू."

आशाताई खोटं बोलल्या नाहीत. दिवसभर त्यांच्यासाठीच हा प्रश्न असतो, मूल बरं आहे की नाही, आणि उत्तर त्या रजिस्टरच्या भाषेत देत होत्या. शिवाय ज्या बाईने पोराला केंद्रात नेलं तिच्या तोंडावर आजी तक्रार कशी करेल? चूक आमची की आम्ही आरोग्यसेविकेला दुभाषी केलं. आरोग्याच्या फिल्मला दुभाषी आरोग्य खात्याशी संबंध नसलेला हवा, आणि मुलाखत चालू असताना सारांश नको, प्रश्न फक्त पुढे पोचवायचे. उतारा झाला की परत जाऊन विचारायचं.

संध्याकाळी केंद्रातल्या भिंतीवरच्या तक्त्याचा शॉट शोधून काढला. सहा सेकंदांचा आहे. नीट तिपाईवर घेतलेला असता तर.

फिल्म इथं बदलली. जुनी संहिता फाडली नाही, मागची बाजू कोरी होती, त्यावर नवी लिहिली.

26 मार्च, तिसरी फेरी

होळीसाठी टोळ्या परतल्या. धडगावच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही, जीपवाल्याने दुप्पट घेतले, 2,600. सणाच्या आठवड्यात जायचं असेल तर हा हिशोब आधीच धरा. पण त्याशिवाय घरातली सगळी माणसं एकत्र सापडत नाहीत.

पोर चालायला लागलंय. वजन 7 किलो 300. डिसेंबरपेक्षा तीनशे कमी.

मला पहिल्यांदा वाटलं की फिल्म गेली. मग स्वतःचाच राग आला. आईने काटा बघितला, काही बोलली नाही, पोराच्या तोंडात मोहाचं वाळलेलं फूल दिलं. हा शॉट पाठीमागून आहे, नऊ सेकंद, फिल्ममध्ये राहिलाय.

दुभाषी या वेळी तो कॉलेजचा मुलगा. दिवसाला 800 आणि जेवण. आजी त्याच्याशी वेगळंच बोलते, अधूनमधून त्याला रागावते, त्याच्या आजोबांचं नाव काढते. आशाताईंनाही मोकळं वाटलं. त्या म्हणाल्या, आता मलापण काही विचारा. नोव्हेंबरपासून त्यांना कुणी त्यांच्याबद्दल विचारलंच नव्हतं. त्यांची मुलाखत 40 मिनिटं, बांबूच्या माइकवर, चुलीपाशी.

चार्जिंगची रड संपली. 12 व्होल्टची 40 अँपिअर-तासाची बॅटरी, छोटं सौर पॅनेल आणि गाडीचा इन्व्हर्टर, सगळे मिळून 7,900. पहिल्या फेरीत चार्जिंगसाठी रोज खाली काठावर जात होतो, जाऊन येऊन तीन तास.

18 मे, चौथी फेरी

पाणी खूप खाली गेलंय. बोट जिथे लागते तिथून घट्ट जमीन दोनशे-अडीचशे पावलांवर, मधे सगळा गाळ. वरून वाळलेला, भेगा पडलेला, पाय ठेवला की गुडघ्याएवढा आत. माझी एक चप्पल आतच राहिली. सहकारी कंबरेपर्यंत गेली, तिला दोघांनी ओढून काढलं, साउंडची बॅग डोक्यावर धरून ठेवली होती म्हणून वाचली. तिथल्या बायका पळसाच्या फांद्या टाकत त्यावरून चालतात. नोव्हेंबरात जी झोळी सरळ बोटीपर्यंत आली होती, ती मे महिन्यात या गाळातून कशी न्यायची? विचारलं तर म्हणाले, नेत नाही, वरून डोंगरातून नेतो, पाच तास. आम्हाला हे सहा महिने कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही पाणी भरलेलं असतानाच प्रश्न विचारत होतो. बुडीताच्या गावात निदान एकदा भर उन्हाळ्यात जा.

लोकांच्या बोटांवर अजून शाई आहे, 13 तारखेला मतदान झालं.

एप्रिलपासून पोर अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रात जातंय. आई या हंगामात कैऱ्या कापून आमचूर वाळवते, घरीच आहे, पोर दिवसभर हाताखाली. वजन 8 किलो 100.

शूट फक्त काट्याचं केलं. काट्याचा हुक, झोळण्यातून बाहेर आलेले दोन पाय, मागे घर. पाय इतके हलत होते की सुई थांबेना, आशाताई वैतागून म्हणाल्या, "अरे गप ना बाबा." दोन मिनिटं दहा सेकंद, एकही कट नाही. वर्षभरात मी काढलेला हाच शॉट मला आवडतो.

9 जुलै, नाशिक

पहिली जुळणी 41 मिनिटं. त्यातली सुरुवातीची चार माझ्या आवाजातली : धरणाची उंची 138.68 मीटर, 2017 मध्ये दरवाजे बंद, 2019 मध्ये पहिल्यांदा पूर्ण भरलं, आधीचा लढा, कोर्ट. सगळं खरं आणि सगळं कंटाळवाणं. सहकारी म्हणाली, नावाडी पाण्याकडे बोट दाखवून "इथं खाली वाट होती" म्हणतो त्यात हे सगळं आलंय. भांडण झालं, दोन दिवस बोललो नाही. मग चार मिनिटं उडवली. एक पाटी ठेवली, दोन ओळींची.

तक्त्याच्या सहा सेकंदांवर आजीचं "आठ वेळा" सुरू होतं. शॉट पुरत नाही, पुढे चूल येते.

पावरी तशीच ऐकू येते, खाली मराठी अक्षरं. डबिंग करायचं नाही हे पहिल्यापासून पक्कं होतं, आमच्या थोड्या बरोबर निर्णयांपैकी एक. शेवटची लांबी 22 मिनिटं.

26 ऑक्टोबर, पाचवी फेरी

दाखवायला. टोळ्या निघायच्या आत गाठलं. शाळेच्या भिंतीवर चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, वीज आपल्या बॅटरीवर. विधानसभेची आचारसंहिता लागलेली, त्यामुळे चादर बांधतानाच एक म्हातारबाबा विचारून गेले, कुठल्या पक्षाचं? बोटवाल्यानेही पाहुणे म्हणजे प्रचारवाले समजून जास्त भाव सांगितला होता.

दोनदा लावावी लागली. पहिल्यांदा कुणी गोष्ट बघितलीच नाही, कोणाचं घर, कोणाची बकरी, कोणाचा आवाज हेच चाललं होतं. पाय हलतात तिथे पोरासकट सगळे हसले. नावाडी पाण्यात बोट दाखवतो तिथे म्हातारी माणसं एकदम बोलायला लागली, वाट नेमकी कुठून जायची यावर वाद पेटला, नावाड्याला खोटं पाडलं. तो दहा हात चुकला होता म्हणे.

दुसऱ्यांदा बघून आजीने एक शॉट काढायला सांगितला. घरात धान्याची कणगी दिसते, रिकामी, तळाशी सूप पडलेलं. आम्हाला तो फार बोलका वाटला होता. आजी म्हणाली, तेव्हा जानेवारी होता, धान्य सुनेच्या माहेरी ठेवलं होतं, लोक बघतील तर म्हणतील हिच्या घरात दाणा नाही. अकरा सेकंद काढले. धडगावच्या लॉजवर परत एक्स्पोर्ट लावला, वीज दोनदा गेली, पहाटे तीनला झाला.

त्या दिवशी पोराचं वजन 9 किलो 200. कॅमेरा बॅगेत होता.

12 नोव्हेंबर 2024, हिशोब

प्रवास आणि जीप 38,600. बोट 21,500. भाषांतर 11,400. स्थानिक माणसांचे दिवस 14,000, यात आशाताईंचे पहिल्या फेरीचे पैसे आम्ही जानेवारीत दिले, ते तेव्हाच द्यायला हवे होते. राहणं-जेवण 12,300. दोन हार्ड डिस्क 11,800. बॅटरी-पॅनेल 7,900. छपाई, फोटो, प्रोजेक्टर 3,500. एकूण 1,21,000. ठरवले होते 70,000. आमची मजुरी यात धरलेली नाही. वरचे पैसे तीन लग्नांच्या शूटमधून भरले.

एकूण फुटेज साडेसव्वीस तास. पुन्हा केलं तर पहिल्या फेरीला कॅमेरा नेणार नाही, दुभाषी आधी शोधेन, आणि बजेटमध्ये दाखवायची फेरी पहिल्या ओळीत लिहीन.

बॅटरी आणि पॅनेल परत आणलं नाही. मार्चपासून पाड्यावरचे मोबाइल त्याच्यावर चार्ज होतात, ऑक्टोबरात सोडवायला गेलो तर सात फोन लावलेले होते, त्यात आशाताईंचाही. पुढच्या कामासाठी दुसरी घ्यावी लागेल. दुकानात विचारलं, नुसती बॅटरीच 4,600 झालीय आता.